मागच्या गाडीवर उतरणारा राग

जळगावहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणारा रस्ता पहूरला येतो, तिथे जामनेरची आणि शेंदुर्णी-पाचोऱ्याची वाटही त्याला मिळते. अजिंठ्याला निघालेले पर्यटक, लांब पल्ल्याचे ट्रक, एसटी, काळी-पिवळी, दुचाक्या आणि दिवाळीच्या सुमारास कापसाने दोन्ही अंगांनी फुगलेल्या ट्रॉल्या, सगळ्यांची गाठ इथे पडते. पाचोरा-जामनेर ही अरुंद मार्गाची 'पीजे' रेल्वे याच गावातून धावायची. ती २०२० साली थांबली आणि तिचे प्रवासीही याच रस्त्यांवर आले. चालकाच्या मनात काय चाललंय ते इतरांना कसं भोगावं लागतं, हे पाहायचं तर अशा गावासारखी जागा नाही.

प्रवासी घ्यायला एक काळी-पिवळी डांबरावरच उभी राहते. मागचा ब्रेक मारतो, त्याच्या मागचा जरा जोरात मारतो आणि दहाव्या गाडीला तर पूर्ण थांबावं लागतं. आपण का थांबलो हे त्या दहाव्या चालकाला दिसत नाही. तो चिडतो, उजवीकडून पुढे घुसतो आणि समोरून येणारा दुचाकीस्वार साइडपट्टीच्या मुरमात उतरतो. पहिल्या चालकाला यातलं काहीच कळत नाही, तो केव्हाच पुढे गेलेला असतो. जपानमध्ये युकी सुगियामा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली अशाच साखळीचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. २३० मीटरच्या गोल वाटेवर त्यांनी २२ गाड्या सारख्या वेगाने चालवायला लावल्या. वाटेत अडथळा कुठलाच नव्हता, तरी थोड्याच वेळात कोंडी तयार झाली आणि ती मागे मागे सरकत राहिली. कारण एवढंच की प्रत्येकाचा वेग किंचित कमीजास्त होत होता.

हा राग निघतो कुणावर? अमेरिकेत डूब आणि ग्रॉस या दोघा संशोधकांनी १९६८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सिग्नल हिरवा झाल्यावरही मुद्दाम गाडी हलवली नाही. जुनाट गाडी अडून राहिली तेव्हा मागच्या ८४ टक्के चालकांनी बारा सेकंदांच्या आत हॉर्न वाजवला, महागडी गाडी असताना ५० टक्क्यांनीच. आपल्याकडे वेगळं काही नाही. बैलगाडीमागे हॉर्नवरून हात न काढणारा माणूस झेंडा लावलेल्या मोठ्या गाडीमागे निमूट चालतो. म्हणजे राग आवरता येतो. कुणापुढे आवरायचा, हे चालक ठरवत असतो. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते, कारण 'संतापाच्या भरात झालं' ही सबब तिथे टिकत नाही.

दुसऱ्याने कट मारला की तो माजलेला असतो, आपण मारला की आपल्याला दवाखाना गाठायचा असतो. दुसऱ्याची चूक त्याच्या स्वभावात आणि आपली परिस्थितीत शोधण्याची ही खोड माणसाला सगळीकडेच असते, पण स्टिअरिंग हातात असताना ती जिवावर बेतते. भरीला स्वतःच्या हाताबद्दलचा विश्वास. ओला स्वेन्सन यांनी १९८१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात काही अमेरिकन आणि स्वीडिश चालकांना आपलं कौशल्य जोखायला सांगितलं. ९३ टक्के अमेरिकनांनी आणि ६९ टक्के स्वीडिश चालकांनी स्वतःला वरच्या निम्म्यात बसवलं. वरच्या निम्म्यात निम्मेच मावतात.

घाईचा हिशेबही एकदा मांडून पाहावा. ताशी ६० च्या वेगाने चाळीस किलोमीटरला चाळीस मिनिटं लागतात, ८० ने तीस. मधल्या गावांतले गतिरोधक आणि वळणं धरली तर ही दहा मिनिटंही हाती लागत नाहीत. उलट ताशी ८० च्या वेगात धोका दिसल्यापासून ब्रेकवर पाय जाईपर्यंत दीड सेकंद गेला, तर गाडी ३३ मीटर पुढे गेलेली असते. ब्रेक लागायचा तो त्यानंतर.

२०२२ साली देशात ४,६१,३१२ अपघात झाले आणि १,६८,४९१ माणसं गेली. त्यांतले ७० टक्क्यांहून अधिक मृत्यू अतिवेगाच्या खात्यावर नोंदले गेले. मेलेल्यांत दुचाकीवरचे आणि पायी चालणारे मिळून जवळपास दोन तृतीयांश होते. ज्यांच्याभोवती लोखंड नाही, तेच जास्त मेले. मालाच्या गाडीवर बसून जाणारा मजूर तर चालकाला 'हळू घे' म्हणण्याच्याही स्थितीत नसतो. फेब्रुवारी २०२१ मध्ये यावल तालुक्यातल्या किनगावजवळ पपईचा ट्रक उलटला आणि किमान १५ मजूर दगावले.

चालकाची बाजूही आहे. नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्यात दिवसाला आठ तास काम आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती सांगितली होती. पण खेपेवर पैसे मिळणाऱ्याला झोप परवडत नाही. केळी किंवा पपई वेळेत पोहोचली नाही, तर बोलणी त्यालाच खावी लागतात. पेंगुळलेल्या चालकाला दोष देताना त्याला पळायला लावणारा मालक आणि व्यापारी आपण सोडून देतो, हे मला पटत नाही.

रात्रीचं एक भांडण मात्र समोरासमोर आलेल्या दोघा चालकांना सहज मिटवता येतं. समोरच्याने डिपर दिला नाही म्हणून आपणही अप्पर तसाच ठेवतो. डोळे दिपले की पुन्हा नीट दिसायला काही सेकंद जातात आणि तेवढ्या वेळात दोन आंधळ्या गाड्यांच्या मधे मागचा लाल दिवा नसलेली कापसाची ट्रॉली असू शकते.

मुलं हे सगळं मागच्या सीटवरून बघत असतात. इस्रायलमधल्या २००५ च्या एका अभ्यासात आईवडिलांची आणि मुलांची गाडी चालवण्याची रीत बरीच सारखी आढळली.

भाऊबीजेला बहिणीकडे निघाल तेव्हा दहा मिनिटं आधी निघा. डिपर आधी तुम्ही द्या. ट्रॉलीला मागे रिफ्लेक्टर लावा. गाडीत नुसते बसलेले असाल तरी 'दादा, हळू घ्या' एवढं म्हणा. आणि रस्त्यात कुणी पडलेलं दिसलं तर थांबा: २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आलेल्या कलम १३४-अ आणि त्याखालच्या नियमांनुसार जखमीला सद्भावनेने मदत करणाऱ्यावर खटला भरता येत नाही आणि नाव सांगायची सक्तीही त्याच्यावर करता येत नाही.