पोटातलं गळू : सुई की नळी?

अंकुशनगरला गळीत हंगाम सुरू झाला की फडात, कोप्यांवर मिळेल ते पाणी प्यायलं जातं. मग कुणीतरी म्हणतं, उजव्या बरगडीखाली दुखतंय, थंडी वाजून ताप येतोय, जेवण जात नाही. आपण म्हणतो, पित्त झालं. आठवडा असाच जातो.

हे यकृतातलं गळू असू शकतं. घाण पाण्यातला अमिबा आतड्यातून रक्तावाटे यकृतात जातो आणि तिथं पू साठतो. काही गळवं जिवाणूंमुळेही होतात. सोनोग्राफीत गळू दिसतं.

लहान गळू बहुतेकदा औषधांनीच बरं होतं. ते मोठं असेल, तीन-चार दिवसांत ताप उतरत नसेल किंवा फुटायची भीती असेल, तर पू काढावा लागतो. पण घाबरू नका, त्यासाठी बहुधा पोट उघडावं लागत नाही.

पहिली रीत सुईची. जागा बधिर करून, सोनोग्राफीत बघत सुई घालतात आणि पू ओढून घेतात. अंगाला काही लटकत नाही, खर्च कमी. पण पू पुन्हा साठला तर पुन्हा टोचावं लागतं.

दुसरी रीत नळीची. बारीक नळी आत ठेवून बाहेर पिशवी जोडतात. पू थांबेपर्यंत, म्हणजे काही दिवस, ती राहते. त्रास थोडा जास्त, पण मोठ्या आणि दाट पुवाच्या गळवाला हीच भरवशाची. चंदीगडच्या पीजीआयमध्ये 50 रुग्णांवर तुलना झाली, ती 1998 साली छापून आली. जास्तीत जास्त दोनदा सुई टोचून 60 टक्के रुग्ण बरे झाले, नळीनं सगळे.

गळू आत फुटलं किंवा नळीनं भागलं नाही, तर दुर्बिणीतून किंवा पोट उघडून शस्त्रक्रिया करतात.

नळी असेल तर ती ओढली जाऊ देऊ नका. पिशवी पोटाच्या खाली ठेवा, रोज किती पू आला ते लिहून ठेवा. नळी निसटली, ताप वाढला, रक्त आलं किंवा पोट दगडासारखं कडक झालं तर लगेच दवाखाना गाठा. बरं वाटलं तरी औषधं पूर्ण घ्या. आतड्यातल्या अमिबासाठी शेवटी वेगळी गोळी असते. दारू बंदच.

आणि बायांनो, पाणी उकळून प्या, जेवायच्या आधी साबणानं हात धुवा. घरातलं दुखणं अंगावर काढू नका, स्वतःचं तर मुळीच नको.