तेर येथील वस्तुसंग्रहालय आणि पृष्ठसंग्रहाचे ऐतिहासिक प्रामाण्य

मराठी मुलखात गावाच्या भूमीचे दोन भाग परंपरेने मानले जातात. लागवडीची जमीन ती काळी व वस्तीची जागा ती पांढरी. मातीची घरे उभी राहतात, कालांतराने खचतात, आणि त्यांच्याच ढिगाऱ्यावर नवी घरे उठतात. चुलींची राख, फुटकी मडकी, पडलेल्या भिंती यांचे थरावर थर बसून पांढरीची टेकडी बनते. ही माती भिंतींना व धाब्यांना उपयोगी आणि शेताला खत म्हणून गुणकारी असल्यामुळे गावकरी ती पिढ्यान्‌पिढ्या खणून नेत आले. या खणण्यात आणि पावसाळ्यातील धुपीत ज्या जुन्या वस्तू वर येतात, त्यांच्या संग्रहास पुरातत्त्वात पृष्ठसंग्रह असे म्हणतात. थरांचे भान ठेवून केलेल्या उत्खननात मिळालेल्या वस्तूंहून तो भिन्न होय. महाराष्ट्रातील काही महत्त्वाची स्थानिक संग्रहालये अशाच संग्रहांतून निर्माण झाली आहेत. पैठण येथील बाळासाहेब पाटील यांचा संग्रह हे त्याचे एक उदाहरण आणि धाराशिव जिल्ह्यातील तेर येथील कै. रामलिंगप्पा लामतुरे यांचा संग्रह हे दुसरे. इतिहासाचे साधन म्हणून अशा संग्रहास कितपत प्रामाण्य द्यावे, हा प्रश्न तेरच्या संग्रहालयाच्या निमित्ताने विचारात घेण्यासारखा आहे.

तेरणा नदीच्या काठी वसलेले तेर हे आज एक मोठे खेडे आहे. संत गोरोबा कुंभार यांचे गाव म्हणून वारकरी संप्रदायात ते सर्वपरिचित आहे. परंतु त्याची प्राचीनता याहून बारा-तेरा शतकांनी तरी अधिक आहे. इ. स. च्या पहिल्या शतकात एका अज्ञात ग्रीक भाषी व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या ग्रंथात दक्षिणापथातील दोन व्यापारी नगरांचा विशेष निर्देश आहे. भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि तेथून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर. तगराहून साधे कापड, नाना प्रकारची तलम वस्त्रे व इतर माल गाड्यांतून बिकट मार्गांनी भडोचच्या बंदरात जात असे, असे तेथे सांगितले आहे. टॉलेमीच्या भूगोलातही तगराचा उल्लेख आहे. पुढे शिलाहार राजे आपल्या ताम्रपटांत ‘तगरपुरवराधीश्वर’ हे बिरुद अभिमानाने मिरवीत.

हे तगर कोणते याविषयी एकोणिसाव्या शतकात पुष्कळ वाद झाला. कोणी देवगिरी म्हटले, कोणी जुन्नर; रा. गो. भांडारकरांनी धारूरचे नाव सुचविले. १९०१ साली जे. एफ. फ्लीट यांनी तगर म्हणजे तेर हे साधार प्रतिपादिले आणि ते मत पुढे सर्वमान्य झाले. शब्दाच्या दृष्टीनेही त्यात अडचण नाही. संस्कृत ‘नगर’ शब्दातील गकाराचा लोप होऊन मराठीत ‘नेर’ झाला, हे संगमनेर, अंमळनेर, पारनेर या ग्रामनामांवरून स्पष्ट आहे. त्याच नियमाने ‘तगर’ शब्दाचे ‘तेर’ होते. फ्लीट यांच्या प्रतिपादनानंतर लवकरच हेन्री कझेन्स यांनी त्या काळी निजामाच्या राज्यात असलेल्या या गावाची पाहणी केली. त्यांचा वृत्तांत भारतीय पुरातत्त्व खात्याच्या १९०२-०३ च्या वार्षिक अहवालात प्रसिद्ध झाला. त्रिविक्रमाचे मंदिर हे मूळचे विटांनी बांधलेले, मागील बाजू अर्धवर्तुळाकार असलेले चैत्यगृह होय, ही गोष्ट विद्वानांच्या दृष्टीस आली ती तेव्हापासून.

तथापि गावाभोवतीच्या टेकड्यांचा शास्त्रीय शोध त्यानंतर अनेक दशके झाला नाही. या मधल्या काळात टेकड्यांची माती वाहिली जात होती आणि तिच्यातून निघणाऱ्या मणी, नाणी, मृण्मूर्ती, शंखाच्या बांगड्या, हस्तिदंती वस्तू इतस्ततः जात होत्या. अशा वेळी तेर येथील रहिवासी रामलिंगप्पा लामतुरे यांनी या वस्तू गोळा करण्याचा उद्योग वर्षानुवर्षे चालविला. पुढे हा संग्रह शासनाकडे आला आणि गावातील शासकीय संग्रहालयास त्यांचेच नाव देण्यात आले.

अशा संग्रहाचे वैगुण्य कोणते ते प्रथम स्पष्ट केले पाहिजे. पुरावस्तूचा अर्थ केवळ तिच्या आकारात नसतो; ती कोणत्या थरात, कशाच्या शेजारी व कोणत्या वास्तूत सापडली यावर तो अवलंबून असतो. चुलीजवळचे खापर स्वयंपाकाची माहिती देते. तेच खापर भट्टीजवळ, वाकड्या व करपलेल्या खापरांबरोबर मिळाले तर कुंभाराच्या धंद्याची माहिती देते. पृष्ठसंग्रहातील वस्तूस हा संदर्भ नसतो. शिवाय संग्राहकाची दृष्टी निवड करते. अखंड मूर्ती उचलली जाते, परंतु अर्धवट घडविलेला मणी किंवा हस्तिदंताची कपची मागे राहते. आणि ती वस्तू तेथेच घडली की बाहेरून आली याचा निर्णय करण्यास ही टाकाऊ कपचीच अधिक उपयोगी असते.

असे असूनही या संग्रहावरून काही निश्चित निष्कर्ष निघू शकले आहेत. ते कसे निघाले हे तीन उदाहरणांवरून दिसून येईल.

पहिले उदाहरण तेरच्या प्रसिद्ध हस्तिदंती स्त्रीमूर्तीचे. तिच्या थराची नोंद नाही. म्हणून तिचा काळ तिच्यावरूनच ठरविणे शक्य नव्हते. परंतु १९३८ साली इटलीतील पाँपेई येथे याच परंपरेतील एक भारतीय हस्तिदंती मूर्ती उजेडात आली. पाँपेई हे नगर इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या उद्रेकाने गाडले गेले, तेव्हा ती मूर्ती त्यापूर्वीचीच असली पाहिजे. पुढे भोकरदन येथील उत्खननातही तशाच धर्तीची हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली व तिला थराचा आधार होता. या दोहोंच्या साहाय्याने तेरच्या मूर्तीचा काळ सातवाहनकाळात, इ. स. च्या पहिल्या शतकाच्या आसपास ठेवता येतो. मात्र यावरून पाँपेईची मूर्ती तेर येथेच घडली असे म्हणता येत नाही. तिच्या तळाशी खरोष्ठी अक्षर कोरलेले आहे आणि ती लिपी वायव्य भारतातील होय. शैलीच्या साम्यावरून काळ सांगता येतो, कारखान्याचे ठिकाण मात्र नव्हे.

दुसरे उदाहरण केओलिन या पांढऱ्या चिकणमातीच्या मूर्तींचे. या मूर्ती दुहेरी साच्यांतून काढलेल्या आहेत. पुढचा व मागचा भाग वेगवेगळ्या साच्यांत दाबून घेऊन ते ओले असतानाच जोडले जात, त्यामुळे मूर्ती आतून पोकळ राहते व भाजताना तडकत नाही. अशा मूर्ती पैठण, नेवासे, कोल्हापूर आणि तेलंगणातील कोंडापूर येथेही मिळाल्या आहेत. एका ठिकाणी मिळालेली मूर्ती ही केवळ एक सुंदर वस्तू असते. पाच ठिकाणी एकाच तंत्राच्या मूर्ती मिळाल्या म्हणजे त्या नगरांमधील कारागिरीचा संबंध सिद्ध होतो. येथे प्रत्येक वस्तूचा नेमका थर ठाऊक नसला तरी ती कोणत्या गावची एवढी खात्री पुरेशी असते, आणि स्थानिक संग्रहालय नेमकी तीच खात्री देते. याच मूर्ती पुराणवस्तूंच्या बाजारात गेल्या असत्या तर हा संबंध कायमचा तुटला असता.

तिसरे उदाहरण रोमन नाण्यांच्या धर्तीवर केलेल्या मातीच्या पदकांचे. नाण्यावरील सम्राटाचे मुख मातीत उठवून, दोरा ओवण्याची सोय करून ती गळ्यात घालण्यासाठी केलेली दिसतात. त्यांवरून तेरशी रोमचा थेट व्यापार होता असे एकदम म्हणणे धाडसाचे होईल. रोमन नाणे दख्खनमधील कारागिराच्या पाहण्यात होते आणि त्याच्या रूपाला अलंकार म्हणून मागणी होती, एवढेच त्यांवरून सिद्ध होते. ‘पेरिप्लस’चा पुरावा व्यापाराचा आहे आणि या पदकांचा पुरावा अभिरुचीचा आहे. ते परस्परपूरक आहेत. परंतु एकाचे काम दुसऱ्याकडून करून घेता येत नाही.

उत्तरेश्वर मंदिराची कोरीव लाकडी द्वारचौकट ही या संग्रहालयातील निराळ्या प्रकारची वस्तू. विटांच्या या प्राचीन मंदिराची नोंद कझेन्स यांच्या वेळीच झाली होती. त्यामुळे चौकट मूळ जागेवरून संग्रहालयात आली तरी तिचा संदर्भ हरवला नाही. दख्खनच्या हवेत लाकूड क्वचितच टिकते, म्हणून वास्तुशास्त्राच्या अभ्यासकास तिचे महत्त्व फार आहे. वस्तू जागेवरून हलविणे हा दोष नव्हे. नोंद न करता हलविणे हा दोष होय, हे या एका चौकटीवरून ध्यानात येते.

तेर येथील उत्खनने बव्हंशी स्वातंत्र्योत्तर काळातील होत. बी. एन. चापेकर यांचा उत्खनन-अहवाल १९६९ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यानंतर शां. भा. देव व अ. प्र. जामखेडकर यांच्या मार्गदर्शनाखाली पुन्हा काम झाले. या उत्खननांमुळे सातवाहनकालीन वस्तीचा थरवार क्रम हाती आला आणि संग्रहातील पूर्वीच्या वस्तू त्या क्रमात बसविण्याची सोय झाली. उलट उत्खननाच्या चरांना क्षेत्राची मर्यादा असते. विस्तीर्ण नगराच्या काही चौरस मीटर जागेत जे सापडले तेच सर्व नगराचे चित्र होय असे मानता येत नाही. पृष्ठसंग्रह मात्र अनेक टेकड्यांवरून व अनेक वर्षांत जमलेला असतो. उत्खनन वस्तूंना काळ देते आणि संग्रह त्यांचे वैविध्य दाखवितो. ही गोष्ट ध्यानी घेतली म्हणजे पृष्ठसंग्रहास अशास्त्रीय म्हणून बाजूस सारणे जितके चूक, तितकेच त्यातील एकेका सुंदर वस्तूवर मोठे सिद्धान्त उभारणे चूक, हे उघड होते.

यावरून स्थानिक संग्रहालयाच्या कार्याचे स्वरूप ठरते. त्यात नोंदवहीचे स्थान पहिले. वस्तूचा क्रमांक, माप, द्रव्य, प्राप्तीची तारीख, कोणत्या टेकडीवर वा शेतात मिळाली ते ठिकाण व आणून देणाऱ्याचे कथन ही माहिती वस्तू हाती येताच लिहून ठेवली पाहिजे; वर्षभराने ती आठवत नाही. दुसरे कार्य जतनाचे. प्रत्येक द्रव्याची प्रकृती निराळी असते. हस्तिदंत हवेतील दमटपणाच्या चढउताराने उलतो, आणि मराठवाड्याचा कोरडा उन्हाळा व त्यामागून येणारा पावसाळा त्यास प्रतिकूल आहे. सातवाहनांची शिशाची नाणी लाकडी कपाटातून निघणाऱ्या आम्ल वाफेने पांढरी पडून भुगा होतात. खापरांत मुरलेले क्षार पृष्ठभागावर फुलून त्याचे पापुद्रे काढतात, म्हणून ती शुद्ध पाण्यात वारंवार पाणी बदलून ठेवावी लागतात.

तिसरे कार्य गावाशी संबंध राखण्याचे, आणि तेच सर्वांत कठीण आहे. १८७८ च्या निखात निधी कायद्यान्वये जमिनीत सापडलेला दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यास कळविणे बंधनकारक आहे. १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी कायद्याने शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंच्या निर्यातीस व व्यापारास निर्बंध घातले आहेत. पण कायद्याचे भय दाखविल्याने वस्तू पुढे येण्याऐवजी पुष्कळदा लपविली जाते. नांगराच्या फाळाला लागलेली मृण्मूर्ती शेतकरी संग्रहालयात आणून देतो तो गावातील माणसावरील विश्वासामुळे. लामतुरे यांच्या संग्रहाचे बळ याच विश्वासात होते. संग्रह शासकीय झाल्यावर तो विश्वास टिकविण्याची जबाबदारी संग्रहालयाकडे येते. शाळेतील मुलांना संग्रह दाखविणे, त्यांच्याच शिवारातील खापर त्यांच्या हाती देऊन ते ओळखावयास शिकविणे, ही कामे या दृष्टीने किरकोळ नाहीत. पांढरीची माती नेण्याआधी कोणी तरी थांबून पाहावे, अशी सवय यांतूनच लागते.

विद्यापीठीय अभ्यासकांनाही येथे मोठे क्षेत्र खुले आहे. खापरांचे द्रव्यपृथक्करण, मण्यांच्या भोकांची सूक्ष्मदर्शकाने तपासणी, केओलिन मूर्तींच्या साच्यांची तुलना करून एकाच साच्यातील मूर्ती कोठकोठे गेल्या याचा शोध, असे विषय पदव्युत्तर प्रबंधास योग्य आहेत. त्यांसाठी नव्या उत्खननाची गरज नाही, कपाटात असलेल्या वस्तू पुरेशा आहेत. मात्र अभ्यासकाने आपली निरीक्षणे संग्रहालयाच्या नोंदवहीत परत नेऊन दिली पाहिजेत. एरवी वस्तू गावात राहते आणि तिच्याविषयीचे ज्ञान शहरातील ग्रंथालयात पडून राहते.

सारांश, पृष्ठसंग्रहाचे प्रामाण्य हे संग्रहाच्या अंगी आयते नसते. नोंद, तुलना व थरबद्ध पुरावा यांच्या साहाय्याने ते क्रमाक्रमाने संपादावे लागते. तेरचा संग्रह जपला गेला म्हणूनच पुढे पाँपेई, भोकरदन व कोंडापूर यांच्याशी त्याची तुलना होऊ शकली. टेकड्यांची माती उपसली जात असताना कोणी काहीच उचलून ठेवले नसते, तर उत्खनकांच्या हाती त्यांच्या चरांपुरतेच तगर राहिले असते.