तीन डोळ्यांची टिपरी

दर्यापूरकडचा माणूस पऱ्हाटी डोळे मिटून ओळखतो. पण कागद-पेन्सिल घेऊन तिचे एक बोंड काढायला बसा, म्हणजे कळते! चित्रकलेच्या वर्गात झाड काढायचे म्हणजे आधी निरखायचे, मोजायचे, रंग मागाहून. आपली तीन डोळ्यांची टिपरीच घ्या. डोळा एक या अंगाला, तर पुढचा त्या अंगाला. पोट्टे मात्र सरसकट एका ओळीत काढून मोकळे होतात. लिनोलियमवर कोरून ठसा उठवायचा, तर चित्र उलटे कोरावे लागते, नाहीतर डावा डोळा उजवीकडे उमटतो.

पुण्याजवळ दापोडीच्या सरकारी बागेत डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांनी १८४७ ते १८५० या काळात झाडाझुडपांची अशीच रंगीत चित्रे काढवून घेतली. ती एडिनबरोच्या वनस्पती उद्यानात जपलेली आहेत. काढणारा पोर्तुगीज वंशाचा, एवढेच कळते, नाव गेले. आम्हाला हे फार लागते. बाग करवणाऱ्याचे नाव राहिले, हात ज्याचा त्याचे नाही.

तेव्हा सुट्टीत पोरांनी ऊस, तूर, पऱ्हाटी काढली, तर खाली नाव, गाव, पिकाचा वाण नि तारीख घालायला सांगावे. पेन्सिलीने घालावे, शाईला पाणी लागले की पसरते.