गावाबाहेरचं घर

"तुमचं घर कुठं आलं?" या प्रश्नाला बालाघाटात पूर्वी एका शब्दात उत्तर मिळायचं. मोहल्ल्याचं नाव सांगितलं की झालं. आता उत्तर लांबतं. गोंदिया रोडनं सरळ या, पेट्रोल पंप सोडा, पुढे कॉलनीचं गेट लागेल, आत तिसरी गल्ली, आणि नाहीच सापडलं तर लोकेशन पाठवते. उपनगर हा शब्द मुंबई-पुण्याचा. आपण नुसतं 'कॉलनीत राहतो' म्हणतो. पण गेल्या पंधरा-वीस वर्षांत आपल्यातली बरीच घरं जुन्या वस्तीतून उठून वारासिवनी, गोंदिया, बैहर या रस्त्यांना लागून गावाबाहेर गेली, ही गोष्ट खरी.

का गेली, हे उघड आहे. वाडवडिलांच्या घराचे वाटे झाले, गल्लीत चारचाकी शिरेना, आणि गावातल्या एवढ्याशा जागेच्या भावात बाहेर अंगणासकट प्लॉट मिळत होता. यात दोष देण्यासारखं काहीच नाही. वर गच्ची, पुढे तुळस, मागे शेवगा. शेजारच्या शेतात चिन्नोर फुलोऱ्यावर असला की त्याचा वास खिडकीतून आत येतो. याच आपल्या चिन्नोरला २०२१ मध्ये जीआय मानांकन मिळालं, तेव्हा कॉलनीतल्या मंडळींना फार आनंद झाला होता. ज्या जमिनीवर तो पिकायचा तिथं आता आपण राहतो, हे तेवढं कुणी बोललं नाही.

प्लॉट दाखवणाराही ते बोलत नाही. बऱ्याचशा कॉलन्या धानाच्या बांध्यांवर उभ्या आहेत, आणि बांधी असते कशासाठी? पाणी अडवायला. चारी बाजूंनी धुरे घालून, जमीन सपाट करून, पडलेला पाऊस तिथंच थांबावा अशी ती पिढ्यान्‌पिढ्या घडवलेली असते. तिथं चुन्याच्या रेघा मारून प्लॉट पाडले म्हणून पाणी आपली सवय सोडत नाही. मग मुरमाचा भराव टाकायचा, जोतं उंच घ्यायचं. पुढच्या वर्षी शेजारी आपल्याहून वीतभर वर भरतो आणि त्याचं पाणी आपल्या अंगणात येतं. कागदांचंही असंच. शेतजमिनीवर घर बांधायचं तर मध्य प्रदेशात डायवर्शन लागतं. महाराष्ट्रातले आपले नातेवाईक त्यालाच एन.ए. म्हणतात. ते झालंय का, कॉलनीला विकासाची परवानगी आहे का, जागा नगरपालिकेत येते की ग्रामपंचायतीत, हे रजिस्ट्रीच्या आधी बघायचं असतं. नाहीतर नाली आणि दिव्यांसाठी अर्ज कुणाला द्यायचा इथूनच सुरुवात होते.

पण हे सगळं खर्च करून आणि खेटे घालून पाच-सात वर्षांत बरंचसं मार्गी लागतं. जे लागत नाही, ते वेगळंच आहे.

गावाबाहेरच्या घरात माणसांचे दोन गट पडतात. गाडी चालवणारे आणि न चालवणारे. चार-पाच किलोमीटर म्हणजे तुमच्यासाठी दहा मिनिटं. आजीसाठी तेच अंतर गोंदियाएवढं. २०११ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे १०२१ स्त्रिया होत्या, मध्य प्रदेशात सगळ्यांत जास्त. पण घरातल्या गाडीची किल्ली कुणाच्या खिशात असते ते तुम्हीच बघा. जुन्या वस्तीत आजी चारच्या चहानंतर चपला घालून निघायची. वाटेत दोन घरं करायची, कुणाची सून बाळंत झाली, कुणाचं लोणचं बिघडलं, सगळी खबर घेऊन दिवेलागणीला परत. तिला कुणाला विचारावं लागत नसे. आता लागतं. "तू जाणार आहेस का रे तिकडे?" दोन-तीनदा "आज नाही जमत, आजी" ऐकलं की ती विचारणंच सोडते. मग घरातले सांगतात, आजीला आताशा कुठं जावंसंच वाटत नाही. आणि हे ते अगदी मनापासून सांगतात.

दुसरी न चालवणारी मंडळी म्हणजे मुलं. शाळेची बस, मग कोचिंग, मग आईच्या स्कूटीवरून परत. बारा वर्षांच्या मुलाला एकट्यानं जाता येईल असं एकही मराठी घर आसपास नसतं. म्हणजे आजी घरात बसलेली आणि नातवंडं स्कूटीवर. आपली भाषा नेमकी या दोघांमध्ये चालत होती.

ही भाषा इथं कशी टिकली, ते जरा आठवून बघा. १८६७ मध्ये जिल्हा झाला तेव्हा आजचं शहर म्हणजे बुऱ्हा नावाचं खेडं होतं. जिल्हा नागपूरशी जोडलेला, त्यामुळे तिकडून कारकून आले, मास्तर आले, वकील आले. लांजी-किरनापूर-कटंगीकडे तर मराठी आधीपासूनच बोलली जात होती, पोवारांची पोवारीही तिला लागून. १९५६ ला विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. त्यानंतर कचेरी हिंदी, बाजार हिंदी, बहुतेक शाळाही हिंदी. मराठी उरली ती ओसरीवर आणि एका घरातून दुसऱ्या घरात जाताना. 'काय करून राहिली?' असं विचारणारी, अर्धी हिंदी मिसळलेली, पण आपली. ती कुणी वर्ग लावून शिकवली नव्हती. शेजारच्या काकूंकडे वाटीभर साखर मागायला पाठवलं की ती आपोआप यायची.

कुणी म्हणेल, गावाबाहेर राहणं काय आजचं आहे? भरवेली नव्हती का? होती, आणि म्हणूनच तिच्याकडे बघायला हवं. मॅंगनीजचं काम या भागात जुनं. १८९६ च्या सिंडिकेटपासून त्याची सुरुवात, १९६२ पासून आजची मॉइल, मुख्यालय नागपूरला. त्यामुळे भरवेलीच्या क्वार्टरांमध्ये नागपूर-भंडाऱ्याकडची मराठी कुटुंबं पुष्कळ. गावापासून लांब असूनही तिथली मुलं मराठीत भांडत मोठी झाली, कारण क्वार्टर ओळीनं होते आणि भिंतीला भिंत होती. सगळ्यांचे बाबा एकाच खाणीत, सगळ्यांच्या आया एकाच वेळी दारात. निवृत्तीनंतर क्वार्टर सोडावं लागलं आणि तीच कुटुंबं चार दिशांच्या चार कॉलन्यांत पांगली. माझ्या मते गावापासूनच्या अंतरानं एवढं बिघडत नाही, जेवढं एकमेकांपासूनच्या अंतरानं बिघडतं.

डोंबिवलीचंही तसंच बघा. गिरगाव-दादरची जागा परवडेना म्हणून माणसं तिकडे गेली, पण स्टेशनच्या आसपास दाटीनं राहिली. मग तिथं व्याख्यानं, वाचनालयं, नाटकं सगळं उभं राहिलं. तुमच्यातले कितीतरी जण आज पुण्याच्या वाघोलीत नाहीतर नागपूरच्या बेसाकडे राहतात. तिथं बाराव्या मजल्यावर आईबाबांना महिनाभर बोलावता आणि ते आठव्या दिवशी परतीच्या गाडीचं विचारतात. त्यांना करमत नाही म्हणून चिडू नका. लिफ्टनं खाली उतरून जायचं कुठं, हा त्यांचा प्रश्न आहे.

आपल्याकडे काही घरांनी यातून वाट काढली आहे. ती मोठी नाही, पण चालते. एका कुटुंबात मुलाच्या कोचिंगला जाताना आजीला तिच्या मैत्रिणीकडे सोडतात आणि दोन तासांनी परततानाच घेतात. वेगळी फेरी पडत नाही. काही जणी संक्रांतीचं हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत ताणून एकेका रस्त्यावरच्या घरांचं एकेका दिवशी करतात, म्हणजे एकाच ऑटोत चौघी मावतात. गणपतीतली लहान मुलांची स्पर्धा रात्री आठऐवजी संध्याकाळी पाचला घ्यावी, असं मंडळात अनेकदा बोलून झालंय. नोकरीवाल्यांना ते जमत नाही, आणि तेही खोटं नाही. माझं मत पाचच्या बाजूनं आहे.

आणि एका कॉलनीत चार मराठी घरांनी ठरवून लागून प्लॉट घेतले. एकाला त्यासाठी कोपऱ्याचा, दोन रस्त्यांचा प्लॉट सोडावा लागला, त्याचं त्याला वाईटही वाटलं. चौघांमध्ये मिळून तीन आज्या आहेत. संध्याकाळी त्या एकाच ओट्यावर बसतात, समोर मुलं खेळतात. त्यात जबलपूरहून बदलून आलेल्या एका कुटुंबाचा सहा वर्षांचा मुलगा आहे. घरी तो पूर्ण हिंदी बोलतो. परवा त्यानं आपल्या आईला दारातून ओरडून सांगितलं, "मम्मी, थांब ना, आजी गोष्ट सांगून राहिली."