मेंदूतील गाठीच्या उपचारानंतर : दीर्घकालीन देखरेखीची गरज

मेंदूतील गाठ म्हणजे आयुष्याचा शेवट, अशी समजूत आपल्या समाजात खोलवर रुजलेली आहे. वस्तुस्थिती सरसकट तशी नाही. शल्यक्रिया, किरणोपचार व औषधे यांच्या साहाय्याने अनेक प्रौढ रुग्ण, विशेषतः मंद गतीने वाढणाऱ्या गाठींचे रुग्ण, पुढे कित्येक वर्षे जगतात, नोकरी करतात, शेती पाहतात. परंतु रुग्णालयातून घरी परतले की उपचार संपले, ही दुसरी समजूतही तितकीच चुकीची आहे.

उपचारानंतरच्या देखरेखीचे हेतू दोन. गाठ पुन्हा वाढत नाही ना, हे ठरावीक कालांतराने एमआरआय काढून पाहणे हा पहिला. किती महिन्यांनी चित्रण करावयाचे, हे गाठीच्या प्रकारावरून तज्ज्ञ ठरवितात. दुसरा हेतू मात्र पुष्कळदा दुर्लक्षित राहतो. तो म्हणजे उपचारांचे उशिरा दिसणारे परिणाम वेळीच ओळखणे.

उशिरा दिसणारे परिणाम

किरणोपचाराने गाठीच्या पेशी नष्ट होतात, तसेच भोवतालच्या निरोगी भागालाही काही किरण पोचतात. हे प्रमाण कमी राखण्याच्या दृष्टीने नवी मुंबईतील खारघर येथे टाटा स्मारक केंद्राच्या संस्थेत 2023 साली प्रोटॉन किरणोपचार सुरू झाला. तथापि निरोगी भागातील सूक्ष्म रक्तवाहिन्या व मज्जातंतू यांवरील परिणाम काही महिन्यांनी, कधी अनेक वर्षांनीही जाणवू लागतो. स्मरणशक्ती व एकाग्रता कमी होते, कामाचा वेग मंदावतो.

मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी असते. थायरॉईड, अधिवृक्क व प्रजनन ग्रंथींचे नियंत्रण तिच्याकडे असते. ती किरणांच्या टप्प्यात आली असल्यास संप्रेरके हळूहळू घटतात. सततचा थकवा, वजनातील बदल, थंडी सहन न होणे, मासिक पाळीतील अनियमितता ही त्याची लक्षणे होत. अशा रुग्णांनी वर्षातून एकदा संप्रेरकांची तपासणी करून घेणे इष्ट असते. गाठीच्या जागेनुसार दृष्टी व श्रवणशक्ती तपासावी लागते. रक्तदाब व रक्तातील साखर आटोक्यात ठेवणे आणि तंबाखू वर्ज्य करणेही आवश्यक आहे, कारण पक्षाघाताचा धोका वाढलेला असतो. क्वचित प्रसंगी अनेक वर्षांनी त्याच भागात नवी गाठ उद्भवते.

आळस की आजार?

समजा, एक शिक्षक उपचारानंतर शाळेत रुजू होतात. चार वर्षे सारे सुरळीत चालते. पुढे हजेरीपत्रक अपुरे राहू लागते, विद्यार्थ्यांची नावे आठवत नाहीत, दुपारनंतर खुर्चीतून उठवत नाही. सहकारी म्हणतात, गुरुजींचे लक्ष उडाले. वरिष्ठ लेखी खुलासा मागवितात. वास्तविक खरा खुलासा रक्ताच्या तपासणीत सापडण्याचा संभव असतो. संप्रेरकांची उणीव असल्यास ती औषधांनी भरून काढता येते.

येथे अधिकाऱ्यांची जबाबदारी मोठी आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 च्या कलम 20 नुसार सेवेत असताना दिव्यांगत्व आलेल्या शासकीय कर्मचाऱ्यास त्या कारणाने सेवेतून काढता येत नाही किंवा त्याचा दर्जा कमी करता येत नाही. पूर्वीचे काम झेपत नसल्यास त्याच वेतनश्रेणीत दुसरे पद द्यावयाचे असते.

गावपातळीवर काय करावे?

शल्यक्रियेचा अहवाल, गाठीच्या तपासणीचा अहवाल व किरणांच्या मात्रेची नोंद हे कागद जपून ठेवण्यास रुग्णाला सांगावे. दहा वर्षांनंतर नव्या डॉक्टरांना त्यांचाच आधार असतो. अपस्माराची औषधे कोणीही आपल्या मनाने बंद करू नयेत. झटके येत असल्यास वाहन चालविणे, विहिरीत उतरणे, यंत्रावर काम करणे टाळावे. स्टेरॉईडच्या गोळ्या एकाएकी थांबविल्यास प्राणावर बेतू शकते. ताप, उलट्या किंवा अपघाताच्या वेळी त्यांची मात्रा वाढवावी लागते. म्हणून तशी चिठ्ठी रुग्णाने सदैव खिशात ठेवावी आणि प्राथमिक आरोग्य केंद्रासही कळवून ठेवावे.

रुग्णातील बदल प्रथम दिसतो तो घरच्या माणसांना, सहकाऱ्यांना आणि शेजाऱ्यांना. स्वभाव बिघडला, असा शेरा मारण्यापूर्वी त्यांनी रुग्णाला तपासणीस पाठविले, तर शर्थीने वाचविलेले आयुष्य सन्मानाने जगण्याजोगेही राहील.