चाकांवरचे घर आणि उघड्यावरचा मुक्काम

आम्ही सात-आठ डॉक्टर मित्र गेली पंचवीसएक वर्षे दर हिवाळ्यात दोन रात्री घराबाहेर काढत आलो आहोत. कधी पारगडाच्या पायथ्याशी, कधी जांबोटीच्या रानालगत, तर कधी तिलारीच्या वाटेवर. नियम एकच : डोक्यावर छप्पर नको. गेल्या पौषात चंदगड तालुक्यातील एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या काजूच्या बागेशेजारी तळ ठोकण्याचे ठरले. माझ्या दोन्ही गुडघ्यांचे सांधे बदलून दीड वर्ष झाले आहे, त्यामुळे जमिनीवर बसणे मला वर्ज्य. शिवाय सत्तरी ओलांडल्यामुळे रात्री तीनदा उठावे लागते, हे समव्यावसायिकांपासून लपविण्याचे कारण नाही. ‘यंदा मला वगळा’ असे मी कळविले होते. परंतु चिरंजीवांनी परस्पर पुण्याहून एक कॅराव्हॅन भाड्याने आणली आणि माझी बॅग तीत ठेवून दिली.

गाडी कसली, ते चाकांवरचे घरच होते. दोन पलंग, लहानसे स्वयंपाकघर, फ्रिज, वातानुकूलन आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कमोड असलेले स्वच्छतागृह. तळावर पोहोचलो तेव्हा मित्रांचे तंबू उभे राहत होते. आमच्यातील एका शल्यविशारदाने गाडीला एक प्रदक्षिणा घातली आणि निदान सांगावे तशा गंभीरपणे म्हटले, “डॉक्टर, याला कॅम्प म्हणत नाहीत. हे डिझेलवर चालणारे लॉज आहे.” सगळे हसले. मीही हसलो; पण प्रश्न मनात रुतून बसला. सर्व सुखसोयींनी युक्त अशा गाडीत राहून केलेला मुक्काम हा उघड्यावरचा मुक्काम म्हणावा की नाही?

प्रश्न करमणुकीचा वाटेल. तो तेवढाच नाही, हे पुढे सांगणार आहे.

आरंभ शब्दापासून करू. आपण बेळगावकर ‘कॅम्प’ कशाला म्हणतो? जाड भिंतींचे कौलारू बंगले, सावलीचे रुंद रस्ते, शाळा, चर्च आणि लष्कराची आवारे असलेल्या भागाला! एकोणिसाव्या शतकात इंग्रजांच्या पलटणींनी जिथे तळ दिला, तिथून तंबू गेले, बंगले आले, आणि नाव मात्र तंबूंचेच राहिले. याउलट २६ आणि २७ डिसेंबर १९२४ रोजी महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली टिळकवाडीत काँग्रेसचे अधिवेशन भरले, तेव्हा ‘विजयनगर’ नावाचे एक नगरच उभारण्यात आले होते. अधिवेशन संपले, नगर उठले. मागे उरली ती पाण्यासाठी खोदलेली विहीर. एक तळ कायमचा होऊन बसला, दुसरा उठून गेला. कॅम्प या शब्दाचा अर्थ आपल्याच गावात इतका लवचिक आहे, तर माझ्या गाडीवर एवढा कडक निकाल कशासाठी?

आपल्या सीमाभागात चाकांवरचे घर नवे आहे काय? माघातील भारत पौर्णिमेला सौंदत्तीच्या यल्लम्मा डोंगराकडे जाणाऱ्या बैलगाड्यांच्या रांगा ज्यांनी लहानपणी पाहिल्या आहेत, त्यांनी डोळ्यांपुढे ते चित्र आणावे. गाडीवर तट्ट्याची कमान, आत कडब्यावर अंथरलेली वाकळ, कोपऱ्यात भाकरी-चटणीचे गाठोडे, पाण्याची घागर, खाली बांधलेला कंदील. म्हातारीकोतारी आणि लेकुरवाळी आत, धडधाकट माणसे पायी. रात्री गाडी सोडली की तिच्याच खाली बिछाना. रायबाग तालुक्यातील चिंचलीच्या मायाक्काच्या जत्रेला तर आजही गाड्या जुंपून जाणारी घराणी आहेत. आमच्या आजोबांना ‘कॅराव्हॅन’ हा शब्द ठाऊक नव्हता, पण ती गाडी त्याहून निराळी काय होती? आणि त्या गाडीतून जाणाऱ्या आजीची जत्रा झाली नाही असे कोणी म्हटले नाही.

आता आपल्या व्यवसायबंधूंना सुखावणारी एक गोष्ट. हौसेखातर फिरण्यासाठी पहिली कॅराव्हॅन मुद्दाम बांधून घेतल्याचे श्रेय ज्यांना दिले जाते, ते एक डॉक्टरच होते. स्कॉटलंडचे विल्यम गॉर्डन स्टेबल्स हे ब्रिटिश नौदलात शल्यचिकित्सक होते. पुढे ते मुलांसाठी साहसकथा लिहू लागले. १८८५ साली त्यांनी ब्रिस्टलच्या कारखान्यात ‘वाँडरर’ नावाची दोन घोड्यांची, सुमारे दोन टन वजनाची गाडी बांधून घेतली आणि इंग्लंडच्या दक्षिण भागातून थेट उत्तरेस इन्व्हर्नेसपर्यंत प्रवास केला. सोबत गाडीवान आणि नोकर. मोकळ्या हवेत राहणे प्रकृतीला हितकर आहे, यावर त्यांचा दृढ विश्वास होता.

त्याच काळात लंडनमध्ये टॉमस हायरम होल्डिंग नावाचे शिंपी होते. सायकलवर बांधून नेता येतील असे हलके तंबू त्यांनी तयार केले, १९०१ साली सायकलवरून तंबूमुक्काम करणाऱ्यांची संघटना स्थापिली आणि १९०८ साली या विषयावर एक मार्गदर्शक ग्रंथही लिहिला. कॅराव्हॅनवाल्यांचा क्लब निराळा, तो १९०७चा. म्हणजे डॉक्टरांची गाडी आणि शिंप्याचा तंबू यांचा हा वाद शंभर वर्षांहून जुना आहे! मौज अशी की, होल्डिंग यांना मुक्कामाची गोडी लागली ती लहानपणी, १८५३ साली, अमेरिकेच्या माळरानावरून गाड्यांच्या तांड्याबरोबर जाताना. आणि त्यांच्या तंबूवाल्या संघटनेनेही पुढे आपल्या नावात कॅराव्हॅनला स्थान दिले. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, तेव्हा हा जुना वाद आपल्या दारी आला इतकेच.

परंतु मुक्कामाचा खरा धडा शिकण्यास आपल्याला इंग्लंडला जाण्याचे प्रयोजन नाही. चिकोडी तालुक्यातील अंकली पुरेशी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आरफळच्या हैबतबाबांनी ज्ञानेश्वर माउलींच्या पालखी सोहळ्याला आजचे स्वरूप दिले, तेव्हा अंकलीच्या शितोळे सरकारांनी त्यासाठी घोडे आणि तंबू पुरविले. आजही माउलींचे अश्व दरवर्षी अंकलीहून निघून सुमारे तीनशे किलोमीटर चालत आळंदीस जातात. मराठी मुलखातील सर्वांत मोठ्या चालत्या तळाची एक दोरी अशी आपल्या जिल्ह्यात बांधलेली आहे. त्या तळावर काय दिसते? दिंडीमागे सामानाचा ट्रक असतो, पाण्याचा टँकर असतो, थकलेल्या वृद्धांना वाहनात बसविले जाते. त्यांची वारी बुडाली असे सोबतचे वारकरी म्हणत नाहीत. करोनाच्या साथीत २०२० आणि २०२१ या दोन्ही वर्षी तर संतांच्या पादुकाच एस.टी. बसने पंढरपुरास गेल्या. लाखो लोकांनी घरी बसून हात जोडले. वाहन बदलले, परंपरा खंडित झाली नाही.

येथे मला एक कबुली द्यावयाची आहे. प्रश्न करमणुकीचा नाही असे मी म्हटले, ते यासाठी.

नव्वदच्या दशकात मी निपाणी परिसरात व्यवसाय करीत होतो. तंबाखू पिकविणारे एक वयस्क शेतकरी माझे रुग्ण होते. हृदयविकाराचा एक झटका येऊन गेलेला, चालताना दम लागे. दर माघात बैलगाडीने मायाक्काला जाण्याचा त्यांचा नेम चाळीस वर्षांचा. त्या वर्षी मी गाडीचा प्रवास, थंडी आणि उघड्यावरची झोप यांस ठाम नकार दिला. वैद्यकीयदृष्ट्या तो योग्यच होता. मुलगा म्हणाला, “जीप करतो आबा, सकाळी जाऊन रात्री परत.” म्हातारबांनी मान हलविली. “जीपातनं गेल्यावर ती कसली जत्रा, डॉक्टरसाहेब?” आणि मी, माझा सल्ला आयताच पाळला जातो आहे या समाधानात, हसून म्हणालो, “खरे आहे आबा. घरातूनच हात जोडा.” पुढच्या माघापर्यंत ते राहिले नाहीत.

जीपने जाण्यास वैद्यकीय हरकत कोणतीही नव्हती. वाटेत दोनदा थांबवून, गोळ्या खिशात ठेवून त्यांना पाठविता आले असते. ‘ती कसली जत्रा’ हा त्यांचा अभिमान होता. तो हळुवारपणे दूर करणे माझे काम होते. मी त्याच्या आड लपलो. खऱ्या-खोट्या मुक्कामाची चर्चा तंबूत बसून करणे सोपे असते. तिची किंमत भरतो तो ज्याचे शरीर साथ देत नाही.

आपल्याकडे असे लोक थोडे नाहीत. प्रवासात शौचालयाची सोय नाही म्हणून दिवसभर पाणी न पिणाऱ्या आणि परतल्यावर मूत्रमार्गाचा संसर्ग घेऊन येणाऱ्या स्त्रिया आपल्या प्रत्येकाच्या दवाखान्यात येतात. वाढलेल्या प्रोस्टेटचे वृद्ध, पायाला संवेदना नसलेले मधुमेही, इन्सुलिन थंड ठेवावे लागणारे रुग्ण, कंपवाताने जखडलेले गृहस्थ, या सर्वांनी घराबाहेरचे आकाश पाहणे सोडून दिलेले असते. त्यांच्यासाठी गाडीतला कमोड ही चैन नसून प्रवासाचा परवानाच होय. अर्थात काळजी तिथेही हवी. बंद गाडीत वा तंबूत शेगडी किंवा निखारे ठेवून झोपू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो झोपेतच घात करतो. जनरेटर लांब आणि वाऱ्याच्या खालच्या बाजूस ठेवावा. लांबच्या प्रवासात दर दोन तासांनी उतरून पाय मोकळे करावेत.

मग तंबूवाल्या मित्रांचे म्हणणे अगदीच चूक काय? तसेही नाही. हाल सोसले म्हणजेच निसर्ग भेटला, ही समजूत मात्र मला मान्य नाही. दर हंगामात आपल्या भागातील साखर कारखान्यांच्या परिसरात ऊसतोड मजुरांच्या कोप्या पडतात. पाचटाचे छप्पर, जमिनीवर झोपलेली लेकरे, पहाटेच्या अंधारात फडावर निघालेल्या बायका. उघड्यावर राहणे ज्यांच्या कपाळी लिहिले आहे, त्यांच्यापुढे माझ्या मित्राचा नायलॉनचा तंबू आणि माझी कॅराव्हॅन यांत फरक तो केवढा? दोघांच्याही खिशात घराची किल्ली आहे.

तथापि, त्या रात्री मला एक गोष्ट उमगली, ती मित्रांच्या बाजूची होती. अंधार पडल्यावर मी गाडीत शिरलो, दार लावले, वातानुकूलन सुरू केले. दहा मिनिटांत चंदगड कोठे गेले कळेना. काचेवर माझेच प्रतिबिंब, कानांत यंत्राची घरघर. बाहेर शेकोटीशी मित्र काय बोलत होते ते ऐकू येईना. मी बेळगावात माझ्या शयनगृहात असतो तरी काही फरक पडला नसता. तेव्हा माझा मित्र बरोबर होता. ते लॉजच होते.

उठलो, यंत्र बंद केले, दार सताड उघडले आणि खुर्ची पायरीखाली, शेकोटीच्या कडेला मांडली. काजूच्या पानांचा वास आला, थंडी अंगाला झोंबली. थोड्या वेळाने जवळच्या धनगरवाड्यावरचे एक गृहस्थ काठी टेकीत आले. तंबू पाहिले, गाडी पाहिली, आणि दोन्हींबद्दल काहीही न विचारता म्हणाले, “गवं उतरत्यात रातचं. खरकटं बाहेर टाकू नगासा.” आम्ही त्यांना चहा दिला. ते तासभर बसले. गव्यांविषयी, म्हशींविषयी, यंदा लवकर गेलेल्या पावसाविषयी बोलले. त्यांच्या लेखी आम्ही सारे एकाच बिऱ्हाडाची माणसे होतो, त्यांच्या रानात दोन दिवसांचे पाहुणे.

मला वाटते, माझ्या प्रश्नाचे उत्तर तिथे आहे. मुक्काम उघड्यावरचा ठरतो तो छपरावरून किंवा गादीच्या जाडीवरून नव्हे. जिथे उतरलो तिथली थंडी, तिथला अंधार, तिथले पाणी आणि तिथली माणसे आपल्यापर्यंत पोहोचतात की नाही, यावरून ठरतो. तंबूची चेन लावून मोबाइलवर चित्रपट पाहणारा घरीच असतो; आणि कमानीच्या गाडीत बसून वाटेवरच्या प्रत्येकाला ‘कुठलं गाव?’ म्हणून विचारणारी माझी आजी पूर्णपणे बाहेर असे. गाडी कोणतीही असो, तिचे दार उघडे हवे.

तेव्हा व्यवसायबंधूंना एक विनंती. आपला एखादा वृद्ध रुग्ण ‘आता कुठे जाणे होणार’ असे म्हणू लागला, तर केवळ औषधांची यादी तपासून त्याला घरी बसवू नका. कसा जाता येईल, याची चिठ्ठीही लिहून द्या. जीप, बस, चाकांची खुर्ची, कॅराव्हॅन, जे काही परवडेल आणि झेपेल ते. मी एकदा ती चिठ्ठी लिहिली नाही.

जाता जाता, इतिहासाच्या प्रामाणिकपणासाठी नमूद करणे भाग आहे. दुसऱ्या रात्री अडीचच्या सुमारास माझ्या गाडीच्या दारावर हलकेच टकटक झाली. आमचे शल्यविशारद मित्र कानटोपी सावरीत उभे होते. “डॉक्टर,” ते खालच्या आवाजात म्हणाले, “तुमच्या लॉजमधले ते आतले दार जरा उघडता का?” मी काही बोललो नाही. बाहेरचे दार उघडेच होते, तेवढे फक्त दाखविले.