मळीचे पाणी, मेलेले मासे आणि भरपाईचा हक्क

श्रीगोंदा हा उसाचा तालुका. मळीपासून अल्कोहोल काढणाऱ्या डिस्टिलरीत एका लिटरमागे साधारण 8 ते 15 लिटर गडद तपकिरी सांडपाणी निघते. त्याची जैविक ऑक्सिजन मागणी लिटरला 40,000 मिलिग्रॅमच्याही पुढे जाते. नदी-तलावात सोडायच्या सांडपाण्याची सर्वसाधारण मर्यादा आहे 30. विसापूरसारख्या तलावात ते शिरले, तर सूक्ष्मजीव पाण्यातला प्राणवायू संपवतील आणि मासे गुदमरतील.

1974 च्या जल कायद्यातील कलम 33अ नुसार प्रदूषण नियंत्रण मंडळ कारखाना बंद करू शकते, वीज तोडायला लावू शकते. पण मेलेल्या माशांचे, नासलेल्या विहिरींचे काय? त्यासाठी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण आहे, आणि त्याचे पश्चिम विभागाचे पीठ पुण्यात, म्हणजे आपल्याला जवळच. ‘प्रदूषण करील तो भरेल’ हे तत्त्व 2010 च्या कायद्यातच आहे. भरपाई मागायला 5 वर्षांची मुदत मिळते. तारापूरच्या उद्योगांविरुद्ध अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने, म्हणजे मच्छीमारांनीच, हा लढा दिला. 2022 मध्ये न्यायाधिकरणाने उद्योगांवर कोट्यवधींची भरपाई बसवली.

आपण बाटलीत भरून नेलेला नमुना जल कायद्याखाली पुरावा ठरत नाही. मंडळाच्या अधिकाऱ्याने नोटीस देऊन, सीलबंद करून घेतलेलाच चालतो. म्हणून पाणी काळे दिसले की त्याच दिवशी मंडळाच्या अहिल्यानगर कार्यालयात लेखी तक्रार द्या, पोच घ्या, तारखेचे फोटो जपा आणि पंचनाम्याचा आग्रह धरा.